मा झी रेन वान : बद्धकोष्ठतेवरची जुनी चिनी गोळी

चिनी औषधांच्या दुकानात बद्धकोष्ठतेसाठी ज्या तयार गोळ्या मिळतात, त्यांत मा झी रेन वान ही सर्वांत जुन्यांपैकी एक आणि माझ्या मते सर्वांत विचारपूर्वक रचलेली गोळी आहे. हाँगकाँगमधल्या एका नोंदणीकृत चिनी वैद्याच्या सल्ल्याने मी ती घेतली. आधी मधात वळलेल्या मोठ्या गोळीच्या रूपात आणि नंतर गरम पाण्यात विरघळणाऱ्या दाणेदार चूर्णाच्या रूपात. औषध गुणकारी आहे, याबद्दल मला शंका उरलेली नाही. मात्र ते ‘सौम्य’ आणि ‘नैसर्गिक’ अशा शब्दांनी विकले जाते, तेव्हा त्यात नेमके काय आहे आणि ते कोणासाठी आहे, या दोन्ही गोष्टी झाकल्या जातात. त्या उघड करून सांगाव्यात, एवढ्यासाठीच हे परीक्षण लिहीत आहे.

ही गोळी प्रथम आढळते ती ‘शांग हान लुन’ या ग्रंथात. हान राजवटीच्या अखेरच्या काळात, म्हणजे सुमारे अठराशे वर्षांपूर्वी, झांग झोंगजिंग या वैद्याने तो लिहिला. ज्या रुग्णाला लघवी वारंवार होते पण मल मात्र कोरडा आणि कठीण असतो, त्याच्यासाठी ही गोळी त्याने सांगितली आहे. जुन्या चिनी शरीरविचारानुसार अशा माणसाच्या पोटातला ओलावा आतड्यांकडे न जाता मूत्राशयाकडे वळतो. आजच्या शरीरशास्त्रात हे स्पष्टीकरण बसत नाही. पण लक्षणांचे निरीक्षण अचूक आहे, आणि या निरीक्षणावरूनच औषधाची निवड ठरते. कोरडा मल, फुगलेले पोट, जोर करूनही अपुरे वाटणारे विसर्जन, असे ज्याला होते त्याच्यासाठी ही गोळी आहे. थकव्याने, दीर्घ आजाराने किंवा अशक्तपणामुळे ज्याला मल पुढे सरकवण्याचे बळच राहिलेले नाही, त्याच्यासाठी चिनी वैद्य वेगळी योजना करतात. पाकिटावर ही विभागणी एखाद्या ओळीत उरकलेली असते आणि ती ओळ वाचणारे ग्राहक थोडेच असतात.

घटक सहा आहेत आणि त्यांना बांधणारा मध. भांगेच्या झाडाचे बी, जर्दाळूची कडू बी, पिओनीचे मूळ, रेवंदचिनी, कच्च्या कडू संत्र्याची वाळवलेली फळे आणि मॅग्नोलियाची साल. यांपैकी शेवटचे तीन घटक एकत्र घेतले की झांग झोंगजिंगचाच दुसरा एक काढा तयार होतो आणि तो रेचक आहे. म्हणजे या गोळीचा गाभा रेचकाचा आहे आणि त्याच्याभोवती तेलकट, ओलावा देणाऱ्या बियांचे व मधाचे वेष्टन घातले आहे. चिनी वैद्यांमध्ये अशा योजनेसाठी एक दृष्टान्त रूढ आहे : नदीचे पात्र कोरडे पडून अडकलेली नाव नुसती ढकलून उपयोग नाही, आधी पाणी वाढवावे लागते. हा दृष्टान्त खरे तर पुढच्या काळातल्या दुसऱ्या एका काढ्याच्या संदर्भात प्रसिद्ध झाला, पण या गोळीला तो अधिक शोभतो, कारण इथे पाणी वाढवणे आणि ढकलणे ही दोन्ही कामे एकाच वेळी केली जातात.

ढकलण्याचे काम मुख्यतः रेवंदचिनी करते, आणि कसे करते ते आज पुरेसे स्पष्ट झाले आहे. तिच्यातले अँथ्राक्विनोन ग्लायकोसाइड नावाचे पदार्थ जठरात व लहान आतड्यात फारसे शोषले जात नाहीत. ते तसेच मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जीवाणू त्यांचे विघटन करतात आणि त्यातून निर्माण होणारे द्रव्य आतड्याच्या भिंतीला उत्तेजित करते. त्यामुळे आतड्याची लाटेसारखी पुढे सरकणारी आकुंचने वाढतात आणि मलातले पाणी परत शोषले जाण्याचे प्रमाण घटते. सोनामुखीचे कार्यही याच मार्गाने चालते. औषध घेतल्यावर परिणाम दिसायला काही तास लागतात, याचे कारणही हाच लांबचा प्रवास आहे. म्हणून रात्री घेतलेल्या मात्रेचा गुण सकाळी येतो. निरोगी माणसाच्या मोठ्या आतड्यात मल पुढे लोटणारी जोरदार आकुंचने दिवसातून मोजक्याच वेळा येतात, तीही बहुधा जाग आल्यावर आणि जेवणानंतर. सकाळच्या या नैसर्गिक लाटेला औषधाची जोड मिळावी, अशी रात्रीच्या मात्रेची योजना मला शहाणपणाची वाटते.

रेवंदचिनीचा दुसरा गुण तिच्या पहिल्या गुणाच्या विरुद्ध आहे. तिच्यात टॅनिनही असते आणि टॅनिन आतडे आवळते. म्हणून नुसती रेवंदचिनी घेतल्यास एकदा जुलाब होऊन पुढे उलट मल धरला जाण्याची शक्यता राहते. बियांचे तेल आणि मध यांची जोड या दृष्टीने योग्य वाटते. कडू संत्रे व मॅग्नोलियाची साल चिनी परंपरेत पोटफुगी आणि आतला ताण कमी करण्यासाठी दिली जाते, तर पिओनीचे मूळ पेटके शमवण्यासाठी. मला स्वतःला या गोळीने मुरडा फारसा आला नाही. त्याचे श्रेय यांतल्या नेमक्या कोणत्या घटकाला द्यायचे, हे एका माणसाच्या अनुभवावरून ठरवता येणार नाही.

आता पुराव्याकडे. पारंपरिक औषधाच्या वकिलीत ‘शतकानुशतके वापरले गेले आहे’ हा मुद्दा नेहमी पुढे केला जातो. मला तो पुरेसा वाटत नाही. या गोळीच्या बाबतीत सुदैवाने त्यावर थांबण्याची गरज नाही. हाँगकाँग बाप्टिस्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी तिची रीतसर चाचणी घेतली आणि २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधी ९६ रुग्णांवर तीन वेगवेगळ्या मात्रा तपासल्या गेल्या आणि दिवसातून दोनदा ७.५ ग्रॅम ही सर्वांत मोठी मात्रा सर्वांत उपयुक्त ठरली. त्यानंतर १२० रुग्णांचे दोन गट करून एका गटाला औषध आणि दुसऱ्याला दिसायला तसेच पण निष्क्रिय चूर्ण आठ आठवडे दिले. कोणाला काय मिळते आहे, हे रुग्णांना किंवा तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हते. पूर्ण समाधान देणारे, आपोआप झालेले विसर्जन आठवड्याला किमान एकाने वाढले की औषध लागू पडले, असे मानले गेले. औषधाच्या गटात असे रुग्ण ४३.३ टक्के होते, निष्क्रिय चूर्णाच्या गटात ८.३ टक्के. औषध थांबवल्यानंतरच्या काळात हेच प्रमाण ३० आणि १५ टक्के राहिले.

दुसरी चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात तुलना खऱ्या प्रतिस्पर्ध्याशी होती. २९१ रुग्णांचे तीन गट केले गेले. एकाला मा झी रेन वान, दुसऱ्याला सोनामुखीची गोळी आणि तिसऱ्याला निष्क्रिय औषध मिळाले. आठ आठवड्यांच्या उपचारात गुण आलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ६८, ५७.७ आणि ३३ टक्के होते. निष्क्रिय औषधानेही तिघांपैकी एकाला बरे वाटले, हा आकडा या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. ‘मी घेतले आणि मला गुण आला’ या वाक्याचे वजन त्यामुळे किती कमी होते, हे कळते, आणि माझ्या अनुभवालाही तेच माप लागू आहे. उपचार चालू असताना सोनामुखी आणि ही गोळी यांच्यातले अंतर फार मोठे नव्हते. खरा फरक नंतर दिसला. औषध बंद करून आठ आठवडे उलटल्यावर मा झी रेन वानच्या गटात ४७.४ टक्के रुग्णांचा गुण टिकून होता, सोनामुखीच्या गटात मात्र तो २०.६ टक्क्यांवर घसरला होता, आणि निष्क्रिय औषधाच्या गटात १७.५ टक्के होता.

या गोळीची खरी गुणवत्ता मला या शेवटच्या आकड्यांत दिसते. तात्पुरते पोट साफ करणारी औषधे पुष्कळ आहेत. बंद केल्यावरही निम्म्याच्या जवळपास रुग्णांची आतडी नीट चालत राहिली, ही वेगळ्या दर्जाची गोष्ट आहे. नुसती रेवंदचिनी हे करत असती, तर त्याच मार्गाने काम करणाऱ्या सोनामुखीनेही ते केले असते. म्हणजे उरलेल्या पाच घटकांचे काही काम असले पाहिजे. त्याच अभ्यासात रुग्णांकडून घेतलेल्या नमुन्यांची रासायनिक तपासणी केली गेली तेव्हा ओलिअमाइड या द्रव्याचे प्रमाण औषधाच्या गटात बदललेले आढळले. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत असे दिसले की ओलिअमाइड मोडणारे विकर वाढले आणि ते द्रव्य घटले की आतड्याची गती सुधारते. हा दुवा अजून माणसात पक्का झालेला नाही. तरीही ‘सहा वनस्पती मिळून काय करतात’ या प्रश्नाला तपासता येईल असे उत्तर मिळू लागले आहे, आणि चिनी औषधांच्या बाबतीत अशी प्रगती मला मनापासून आनंद देते.

मर्यादाही तेवढ्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. दोन्ही चाचण्यांमागे एकाच विद्यापीठाचे संशोधक आहेत. पहिल्या चाचणीत रुग्ण निवडताना चिनी वैद्यकातला ‘भरलेल्या’ प्रकारचा, म्हणजे वर सांगितलेल्या अशक्तपणाच्या प्रकाराच्या उलट, मलावरोध असणारेच घेतले होते. अशक्त, वृद्ध किंवा आतड्याची गती फार मंद झालेल्या रुग्णांना हेच आकडे लावणे धाडसाचे होईल. शिवाय चाचणीतले औषध ठरावीक दर्जाचे अर्कयुक्त दाणेदार चूर्ण होते, आणि दुकानात मिळते ती बहुतेक वेळा मधातली गोळी असते.

या दोन रूपांमधला फरक वापरताना चांगलाच जाणवतो. मोठी गोळी ९ ग्रॅमची, मेणाच्या किंवा प्लास्टिकच्या गोल कवचात बंद केलेली असते. कवच फोडल्यावर आत तपकिरी, मऊ, चिकट गोळा मिळतो. तो सरळ गिळता येत नाही. चावून खावा लागतो किंवा हाताने छोट्या गोळ्या करून पाण्याबरोबर घ्याव्या लागतात. आधी मधाची गोडी लागते आणि लगेच रेवंदचिनीचा व साल-मुळांचा कडूपणा तोंडभर पसरतो. मला ती चव नकोशी झाली नाही, पण ज्याला कडू सोसत नाही त्याने छोट्या दाण्यांची गोळी घ्यावी. मोठ्या गोळीत जवळजवळ निम्मे वजन मधाचे असते, ही बाब मधुमेही व्यक्तीने ध्यानात घ्यावी. उरलेल्या साडेचार ग्रॅम चूर्णात चीनच्या औषधकोशातल्या प्रमाणानुसार पाचवा हिस्सा रेवंदचिनीचा, म्हणजे एका गोळीत जवळपास ०.९ ग्रॅम. भांगेच्या बियांचे प्रमाणही नेमके तेवढेच आहे. ज्या बियांच्या नावाने गोळी ओळखली जाते, त्यांच्याइतकेच वजन रेचकाचे आहे, हे पाकिटावर ठळक छापले तर किती बरे होईल.

दाणेदार चूर्ण घ्यायला सोपे, मोजायला अधिक अचूक, आणि माझ्या बाबतीत परिणामही अधिक सारखा होता. मात्रा कमी-जास्त करण्याची सोय हा त्याचा सर्वांत मोठा फायदा. मूळ ग्रंथातही दहा लहान गोळ्यांपासून सुरुवात करून गुण येईपर्यंत हळूहळू वाढवाव्यात, असेच सांगितले आहे. प्रत्येकाची आतडी निराळ्या वेगाने चालतात, हे त्या वैद्याने गृहीत धरले होते. तयार पाकिटातली ‘एक किंवा दोन गोळ्या’ ही सूचना त्या मानाने फारच ढोबळ आहे. जपानमध्ये हेच औषध माशिनिनगान या नावाने कांपो या तिथल्या पारंपरिक वैद्यकात चालते. त्सुमुरा कंपनीच्या पाकिटावर त्याचा क्रमांक १२६ असून प्रौढाची दिवसाची मात्रा ७.५ ग्रॅम विभागून घ्यायची असते. या औषधात ज्येष्ठमध नाही, हा एक दुर्लक्षित फायदा आहे. पोटावरच्या अनेक चिनी-जपानी योगांत ज्येष्ठमध असतो आणि तो जास्त काळ घेतल्यास रक्तातले पोटॅशियम उतरून रक्तदाब वाढू शकतो.

खरेदी करताना सर्वांत मोठा घोळ नावांचा होतो. मुख्य चीनमध्ये हीच गोळी मा रेन वान या आखूड नावाने मिळते. तिच्याच शेजारी मा रेन रुन छांग वान नावाची दुसरी गोळी ठेवलेली असते, जिच्यात कडू संत्रे आणि मॅग्नोलिया यांऐवजी वाळवलेली संत्रसाल आणि मू श्यांग हे सुगंधी मूळ असते. आणखी काही योगही मा रेन याच अक्षरांनी सुरू होतात. वर सांगितलेल्या चाचण्यांचे आकडे त्यांना लागू होत नाहीत. विक्रेता ‘सगळे एकच’ म्हणाला तरी मानू नये. चिनी वनस्पतींच्या बाबतीत मिळत्याजुळत्या नावांचा घोळ किती महाग पडू शकतो, हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये दिसले. वजन कमी करण्याच्या औषधात एका वनस्पतीऐवजी तशाच नावाची दुसरी विषारी वनस्पती मिसळली गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. मा झी रेन वानचा त्या वनस्पतीशी काही संबंध नाही, पण सहा घटकांची यादी स्वतः ताडून पाहण्याची सवय त्या प्रसंगापासून प्रत्येक ग्राहकाने लावून घ्यावी. हाँगकाँगमध्ये तयार चिनी औषधांची नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे आणि वेष्टनावर एचकेसीसारख्या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. मुख्य चीनमधल्या औषधांच्या परवाना क्रमांकात चिनी औषधासाठी झेड हे अक्षर येते. क्रमांक नसलेले सुटे पाकीट कितीही स्वस्त मिळाले तरी मी घेणार नाही.

गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ही गोळी घेऊ नये. पोटात तीव्र वेदना, उलट्या, मलावाटे रक्त किंवा अचानक वजन घटणे, असे काही असेल तर आधी डॉक्टरकडे जावे. आतड्यात अडथळा असताना आकुंचने वाढवणारे औषध घेणे धोक्याचे असते. लघवी वाढवणारी किंवा हृदयासाठी डिगॉक्सिनसारखी औषधे चालू असतील तर जुलाबांतून कमी होणारे पोटॅशियम संकट ओढवू शकते. जर्दाळूच्या कडू बियांत अमिग्डालिन असते आणि त्यातून सायनाइड सुटते; ठरलेल्या मात्रेत ते प्रमाण सुरक्षित धरले जाते, पण ‘वनस्पतीच तर आहे’ म्हणून मनाने मात्रा दुप्पट करणाऱ्यासाठी ही माहिती पुरेशी असावी. रेवंदचिनीच्या वर्गातली औषधे महिनोन्‌महिने घेतल्यास मोठ्या आतड्याचे अस्तर काळपट पडते. औषध थांबवल्यावर तो रंग सहसा ओसरतो, तरी चाचणीत वापर आठ आठवडेच होता, आणि मीही वैद्याच्या देखरेखीशिवाय त्यापुढे जाणार नाही.

ज्यांची तक्रार जठराची आहे, म्हणजे थोडेसे खाल्ले तरी पोट गच्च होते आणि अन्न पुढे सरकत नाही, त्यांना या गोळीचा उपयोग नाही. त्यासाठी जपानमध्ये रिक्कुन्शितो हा योग दिला जातो आणि भूक वाढवणाऱ्या घ्रेलिन या संप्रेरकाशी असलेल्या त्याच्या संबंधावर तिथे बराच अभ्यास झाला आहे. शस्त्रक्रियेनंतर मंदावलेल्या आतड्यांसाठी आले, जिनसेंग आणि जपानी तिरफळ असलेला दाइकेंचुतो तिथली रुग्णालये वापरतात. ज्याची अडचण गुदद्वाराचे स्नायू वेळेवर सैल न होण्याची आहे, त्याला तर यांपैकी कोणतेच औषध पुरे पडणार नाही. त्याला स्नायूंचे प्रशिक्षण लागते. आतड्याची गती खरोखर मंद आहे का, हे क्ष-किरणांत दिसणाऱ्या छोट्या खुणा गिळायला देऊन तपासता येते. जुनाट त्रास असलेल्याने कोणत्याही गोळीवर पैसे घालण्याआधी ही तपासणी करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

साठवणीबद्दल थोडे. भांगेच्या बियांत सुमारे तीस टक्के तेल असते आणि ते उष्णतेने खवट होते, म्हणून मोठे डबे न घेता थोडे थोडे आणावे आणि कवच आयत्या वेळी फोडावे. या बियांनी नशा चढत नाही. तरीही झाड भांगेचेच असल्यामुळे काही देशांचे सीमाशुल्क अधिकारी त्याबद्दल कठोर असतात, तेव्हा प्रवासात गोळ्या बरोबर न्यायच्या असतील तर त्या देशाचा नियम आधी पाहावा आणि त्या मूळ वेष्टनातच ठेवाव्यात.